धुराचा पंचनामा

अर्ज कसा भरावा हे काकासाहेब तुप्यांना शिकवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता! हे मत अर्थात खुद्द काकासाहेबांचं. पण शेंद्र्यात ते आजवर कुणी खोडून काढलेलं नव्हतं, हेही तितकंच खरं. गारपिटीची भरपाई असो, पीकविमा असो, रेशनकार्डावरून मयताचं नाव कमी करणं असो, नाहीतर जित्याजागत्या माणसाचं चुकून कमी झालेलं नाव परत चढवणं असो. गावातला माणूस आधी काकासाहेबांच्या ओट्यावर यायचा आणि मग तहसीलला जायचा.

काकासाहेबांचा नियम एकच होता, आणि तो ते मागेल त्याला फुकट सांगत. न मागणाऱ्यालाही सांगत.

"हे बघ, सायेब लोकांचा हात कापायला शिवशिवतच असतो. तू म्हणला एक एकर गेलं, का तो अर्धाच धरणार. मंग शहाण्या माणसानं काय करावं? एक गेलं तर दोन लिहावं! तो अर्धं कापतो, आपलं एक आपल्याला भेटतं. ह्याच्यात लबाडी कुठं आली? उलट हिशेब बरोबर जुळतो!"

या नियमानं तीन गारपिटी, दोन दुष्काळ आणि एक अतिवृष्टी सुखरूप पार पडली होती.

तर असे हे काकासाहेब. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा त्यांना शेजारच्याच बोल्टच्या कारखान्यात नोकरी लागली. अठरा वर्षांत ते स्टोअर आणि डिस्पॅचचे प्रमुख झाले. जालन्याहून स्टीलच्या तारेची वेटोळी यायची, इथं तिचे तुकडे व्हायचे, डोकी बसायची, आटे पडायचे, भट्टीत तापून तेलात विझायचे, आणि तयार बोल्ट लाकडी खोक्यांत बसून पुण्याच्या एका कंपनीकडे जायचे. ती कंपनी पुढं ते जर्मनीला पाठवायची. कारखान्याची दुसरी पाळी उभीच होती या पुण्याच्या ऑर्डरवर. त्या पाळीत तीस माणसं. त्यातली अकरा काकासाहेबांनी स्वतः मालकापुढं उभी केलेली, "माझ्या जबाबदारीवर घ्या" म्हणून.

बुधवारी सकाळी मालकांनी, म्हणजे राजकुमार साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेबांचा चेहरा उतरलेला.

"काकासाहेब, करुणा कधी येणार?"

"सोमवारी. बहिणीचं लग्न हाय ना वैजापूरला."

करुणा साळवे म्हणजे कारखान्याची क्वालिटी इंजिनिअर. रोज हर्सूलहून स्कूटीवर यायची, आणि कारखान्यातलं इंग्रजीतलं, कॉम्प्युटरमधलं आणि कुणालाच न कळणारं असं सगळं काम तिच्याकडे असायचं.

"सोमवारी म्हणजे मेलो! पुण्याहून फॉर्म आलाय. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत भरून गेला नाही तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला देतो म्हणतात. ऑर्डर गेली तर दुसरी पाळी बंद करावी लागेल मला!"

"कशाचा फॉर्म हाय?"

"कार्बनचा. आपण किती कार्बन सोडतो, ते लिहून द्यायचंय. चाळीस रकाने आहेत!"

काकासाहेब हसले. चाळीस रकाने! अतिवृष्टीच्या फॉर्मला सत्तावीस होते आणि वर सातबारा जोडायचा होता!

"फॉर्मच हाय ना? मंग कामून घाबरता सायेब? शुक्रवारी चारच्या आत देतो!"

आता जाताना करुणानं बजावलं होतं, की काका, पुण्याहून काही आलं तर माझ्या टेबलावर ठेवा आणि मला फोन करा. काकासाहेबांना ते आठवत होतं. पण पोरीच्या घरचं कार्य, पाहुण्यारावळ्यांत तिला कशाला त्रास? शिवाय फॉर्म भरायला काकासाहेबांनी कुणाला फोन करावा, ही गोष्ट शेंद्र्यात कळली असती तर?

फॉर्मची प्रत काढून ते पेन उघडून बसले. कारखान्याचं नाव, पत्ता, पिनकोड इथवर गाडी झकास गेली. पुढं पहिलाच रकाना: दर टन मालामागे किती टन कार्बन?

काकासाहेबांनी आयुष्यात धूर पुष्कळ पाहिला होता. पण धुराकडे निरखून बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. भट्टीच्या धुराड्याखाली ते मान वर करून इतका वेळ उभे राहिले, की भट्टीवरचा कडुबा हातातलं काम टाकून बाहेर आला आणि तोही वर बघायला लागला.

"काय हाय वर?"

"कडुबा, ह्या धुराचं वजन किती असंल रे?"

कडुबानं विचार केला. "वर जातो म्हंजी वजनच नसंल."

"मंग हे लोक टनात कसं मागू लागले?"

"टनात? धुराचे टन?" कडुबाचे डोळे मोठे झाले. "गोण्यांत भरत असतील."

प्रश्न असा होता की एकदा डोक्यात शिरल्यावर माणसाला गप्प बसू देईना. धूर जातो कुठं? जर्मनीला बसून त्यांना शेंद्र्याचा धूर दिसतो कसा? आणि मोजतात कशानं? शेवटी दोघांनी पॅकिंगची एक मोठी प्लास्टिकची पिशवी घेतली. कडुबानं जनरेटर चालू केला, काकासाहेबांनी पिशवीचं तोंड सायलेन्सरला लावलं, पिशवी टम्म फुगली, आणि तिला गाठ मारून दोघांनी ती पळत पळत बोल्टच्या वजनकाट्यावर आणून ठेवली.

काटा शून्यावर! हलेनाच!

"घ्या!" कडुबा म्हणाला. "आपला कार्बन शून्य! लिहून टाका."

"शून्य लिहून आजवर कुणाला काही भेटलंय का?" काकासाहेब खेकसले.

संध्याकाळी घरी ते जेवताजेवताही विचारच करत होते. सरूबाईंनी दोनदा भाकरी वाढली तरी त्यांना पत्ता नव्हता.

"अवं, ध्यान कुठं हाय?"

"सरू, मागल्या महिन्यात ग्रामपंचायतीत तो पांढऱ्या बुटाचा माणूस आला व्हता बघ. बांबू लावा म्हणत व्हता. काय म्हणला व्हता तो कार्बनचं?"

"मोठमोठ्या कंपन्या कार्बन इकत घेत्यात म्हणला व्हता. पैसे देत्यात म्हणला. पण मी म्हणते, धूर इकत घिऊन करत्यात काय? अन् नेत्यात कशात?"

पण काकासाहेबांना पुढचं ऐकू येत नव्हतं. त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. विकत घेतात! कार्बन विकत घेतात! म्हणून तर टनात मागतात! म्हणून तर फॉर्म! अरे, ही तर सरळसरळ धुराची भरपाई! एवढी वर्षं आपण फुकटात सोडून दिला! आणि भरपाईचा फॉर्म म्हटल्यावर नियम ठरलेला: एकाचे दोन!

गुरुवारी सकाळी काकासाहेब कामाला लागले. फॉर्मात नुसता आपला धूर नव्हता. माल आणणाऱ्याचा, नेणाऱ्याचा, खोकी करणाऱ्याचा, तारवाल्याचा, सगळ्यांचा मागितला होता. पहिला फोन ट्रकवाल्या मुश्ताकभाईंना.

"मुश्ताकभाई, पुण्याच्या एका खेपेला डिझेल किती लागतं? बिनधास्त सांगा. धुराचे पैसे भेटायचेत!"

"धुएं के पैसे?" मुश्ताकभाईंनी विचारलं. मग एकदम उत्साहात, "हौ काकासाब! मेरे ट्रक तो बहोत धुआं मारते! आरटीओ हर बार पकडता! लिख लो, एक के दो लिख लो!"

तुम्हीच बघा, नियम किती दूरवर पोचलेला होता! मुश्ताकभाईंनी दुप्पट सांगितला. काकासाहेबांनी तो आणखी दुप्पट करून लिहिला, कारण कापणारा तर कापणारच!

दुसरा फोन खोकीवाल्या सांडूभाऊंना. सांडूभाऊ चिकलठाण्याजवळ एका शेडमध्ये लाकडी खोकी ठोकायचे. त्यांनी करवतीची मशीन सांगितली, थंडीत शेकोटी पेटते ती सांगितली, घरची चूल सांगितली, आणि शेवटी हळू आवाजात विचारलं, "बिडी धरायची का?"

"दिवसाला किती वढता?"

"एक बंडल."

"दोन लिहितो."

"आन् पैसे कधी येत्याल?"

"आधी पंचनाम्याला माणूस येईल. तवा धूर दिसला पाहिजे बरं का! नुसतं कागदावर चालत नाय."

तिसरा फोन जालन्याला, स्टीलच्या मिलमधल्या गोकुळला. इथं जरा अडचण आली.

"काकासाहेब, आपली तार भंगाराची असते," गोकुळ म्हणाला. "जुनी पत्र्याची टपरं, मोटारींचे सांगाडे, मोडके नांगर वितळवून करतो आम्ही. तसंच लिहा."

"जर्मनीला जाणाऱ्या फॉर्मात भंगार लिहू? अरे, इज्जत हाय का नाय? गावात जुनी सायकल दिली तरी नवी म्हणून देतो माणूस!"

"पण चलनावर तर भंगारच असतं."

"चलन कोण बघतंय? खाणीतलं पहिल्या धारेचं लोखंड लिहितो!"

शुक्रवारी पावणेचारला चाळीसच्या चाळीस रकाने भरून, खाली झोकात सही ठोकून, वर कारखान्याचा गोल शिक्का दोनदा मारून फॉर्म पुण्याला रवाना झाला. राजकुमार साहेबांनी काकासाहेबांचा हात हातात घेतला. "तुम्ही होतात म्हणून!" म्हणाले. काकासाहेबांना त्या रात्री जी झोप लागली तशी वर्षभरात लागली नव्हती.

सोमवारी सकाळी केबिनमधून आरोळी आली.

"काकासाहेब!"

आत राजकुमार साहेब उभे होते आणि करुणा बसलेली होती. एरवी उलटं असायचं. करुणाच्या हातात पुण्याहून आलेलं पत्र.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही एक टन बोल्टामागं अकरा टन कार्बन लिहिलाय."

"कमी झाला का?"

"कमी? पुण्यानं विचारलंय, तुमचा कारखाना आहे की ज्वालामुखी?"

राजकुमार साहेब खुर्चीत कोसळले. करुणानं मात्र शांतपणे सांगायला सुरुवात केली. तिच्या समजावण्यात कधी हिडीसफिडीस नसायची, म्हणूनच काकासाहेबांना तिच्यापुढं जास्त लाज वाटायची.

"काका, यंदापासून युरोपात बाहेरचं लोखंड-पोलाद आत घ्यायचं तर ते बनवताना निघालेल्या धुरावरही पैसे भरावे लागतात. जेवढा धूर जास्त, तेवढी जास्त सर्टिफिकेटं तिकडच्या खरेदीदारानं विकत घ्यायची. तो काय पदरचे घालणार आहे? तो ते पुण्यावर टाकतो. पुणं आपल्यावर टाकतं. तुम्ही लिहिलेल्या आकड्यानं आपला एक बोल्ट तिथं सोन्याच्या भावाला पडतो."

"पण तो बांबूवाला तर म्हणला, कार्बन विकत घेतात..."

"तो बाजार वेगळा, पण नियम तोच. जो कमी सोडतो तो उरलेलं विकतो. जास्त सोडतो त्याला घ्यावं लागतं. आपण भरपाई मागायला नाही गेलो काका. आपण आपल्याच हातानं आपल्यावर दंड लिहून दिला!"

काकासाहेब मटकन खाली बसले. खुर्ची जरा डावीकडं होती, त्यामुळं ते फायलींच्या गठ्ठ्यावर बसले. पण उठायचं त्यांना सुचलं नाही. डोळ्यांपुढं दुसऱ्या पाळीची ती अकरा तोंडं आली. त्यातल्या दोघांनी त्यांच्या भरवशावर हप्त्यानं मोटारसायकली घेतल्या होत्या. एकाचं लग्न तर 'कंपनीत कायम आहे' या काकासाहेबांच्या शब्दावर जमलेलं होतं. काकासाहेबांना खरोखर रडू येईल असं झालं.

"मंग आता?"

"पुण्याच्या कंपनीची मोनिका मॅडम बुधवारी स्वतः तपासायला येणार आहे. तिला खरे आकडे पटले तर ऑर्डर राहील. नाही पटले तर गेली. आधी तुम्ही ज्यांना ज्यांना फोन केलेत ना, त्यांना सांगा, खरं तेवढंच द्या, आणि कृपा करून धूर-बिर करू नका!"

काकासाहेबांनी तडक फोन लावले. आता इथं माणसाच्या स्वभावाचा मासला बघा.

"सांडूभाऊ, ते धुराचं राहू द्या. पैसेबिसे काही नाय. बुधवारी माणूस येतोय, पण धूर अजिबात करायचा नाय!"

पलीकडून सांडूभाऊ म्हणाले, "बरं." तो 'बरं' ऐकून काकासाहेबांना हायसं वाटलं. वाटायला नको होतं.

कारण फोन ठेवल्या ठेवल्या सांडूभाऊंनी मुश्ताकभाईंना फोन लावला. "काकासायेब फिरला! पैसे आले वाटतं! आता एकटाच हाणायला निघाला! गुरुवारी म्हणत व्हता धूर दिसला पाहिजे, आन् आज म्हणतो करूच नका!"

"मेरेकु बी वहीच बोला!" मुश्ताकभाई म्हणाले. "बुधवार को पंचनामा है बोला और बोलता धुआं नक्को करो! हम क्या पागल है?"

बुधवारी अकराच्या सुमाराला मोनिका मॅडमची गाडी शेंद्र्याच्या चौकात वळली आणि थांबली. समोरचं काही दिसेना! कारखान्याच्या फाटकाबाहेर मुश्ताकभाईंचे चार ट्रक ओळीनं उभे, चारही इंजिनं चालू, आणि प्रत्येक ट्रकात एकेक माणूस जीव तोडून ॲक्सिलरेटर दाबतोय! काळेभोर लोट! पलीकडं सांडूभाऊंनी लाकडाच्या भुशाचा पुरुषभर ढीग रचून पेटवलेला. भुसा ओला होता, त्यामुळं जाळ नाही नि नुसता धूरच धूर! ढिगाशेजारी सांडूभाऊ स्वतः तोंडात दोन बिड्या घेऊन उभे.

"या या मॅडम!" खोकत खोकत ते म्हणाले. "हे सगळं आमचंच हाय! ल्याहून घ्या!"

मोनिका मॅडम रुमाल नाकाला लावून फाटकातून आत आल्या, तेव्हा त्यांचा पांढरा कुडता करडा झाला होता. राजकुमार साहेबांच्या हातातला पुष्पगुच्छ हातातच राहिला. काकासाहेब एका खांबाच्या आड गेले, पण खांब बारीक होता आणि काकासाहेब नव्हते.

मॅडमनी डोळे पुसले, वही उघडली, आणि अगदी सरळ विचारलं, "बाहेरचा हा धूर कुठल्या रकान्यात धरायचा?"

करुणाच म्हणाली, "मॅडम, तो स्वागताचा आहे."

मॅडम हसल्या की खोकल्या ते नीट कळलं नाही. पण त्या केबिनमध्ये येऊन बसल्या, पाणी प्याल्या, आणि म्हणाल्या, "एक सांगते. ट्रक आणि खोकी करात धरतच नाहीत. ते रकाने नुसते आमच्या माहितीसाठी होते. मला पाहिजे स्टील आणि भट्टी. तोंडी नको. वर्षभराची विजेची बिलं, डिझेलच्या पावत्या, आलेल्या मालाची चलनं आहेत का?"

राजकुमार साहेबांनी करुणाकडं बघितलं. करुणानं कॉम्प्युटरकडं बघितलं. त्यात तीनच महिन्यांचं होतं. आधीचं सगळं पावसाळ्यात मशीन बिघडली तेव्हा गेलं होतं. केबिनमध्ये अशी शांतता पसरली की बाहेरचे चार ट्रक आतच चालू आहेत असं वाटलं.

"मॅडम," केबिनबाहेरच्या खांबाआडून आवाज आला. "कागद पाहिजेत का?"

काकासाहेबांचा दुसराही एक नियम होता, तो आजवर कुणी विचारला नव्हता म्हणून त्यांनी सांगितला नव्हता. तहसिलात आयुष्य गेलेला माणूस कागद कधी फेकत नाही! अर्ध्या तासात कडुबा आणि ते दोघं मिळून स्टोअरमधून सात पत्र्याच्या पेट्या घेऊन आले. प्रत्येक चलन, प्रत्येक बिल, वजनकाट्याची प्रत्येक चिठ्ठी, महिन्याप्रमाणं सुतळीनं बांधलेली. एका गठ्ठ्यात चुकून २०१४ च्या गारपिटीचा पंचनामाही निघाला. तो त्यांनी घाईघाईनं खिशात घातला.

मोनिका मॅडम आणि करुणा आकडे काढत बसल्या. काकासाहेब गठ्ठे सोडून देत राहिले. ते बघत होते. बिलावरच्या युनिटांना कशानं तरी गुणलं, की त्याचा धूर निघत होता! डिझेलच्या लिटरांना गुणलं, की त्याचा निघत होता! पिशवी नाही, काटा नाही, सगळा धूर कागदातच होता! काकासाहेबांना आपली भीती क्षणभर विसरायला झालं.

"मॅडम, म्हंजी बिल कळलं का धूर कळतो?"

"हो. जळलं किती ते कळलं, की निघालं किती ते कळतं."

"अन् डोळ्याला दिसतो तो?"

"दिसतो त्यापेक्षा न दिसणारा जास्त असतो, काका."

"ऐक!" काकासाहेब कडुबाला म्हणाले. "न दिसणाराच जास्त!" कडुबानं गंभीरपणे मान हलवली.

एवढ्यात मॅडमचा हात एका चलनावर थांबला. त्यांनी दुसरं चलन बघितलं. तिसरं बघितलं.

"हे स्टील भंगार वितळवून केलेलं आहे?"

काकासाहेब पुढं झाले. "मॅडम, चूक माझी हाय. जर्मनीला जाणारा कागद, भंगार लिहायला बरं वाटंना. साहेबांना काही बोलू नका, त्यांना ठाऊक नव्हतं. मला काढा वाटल्यास. पण त्या पोरांची पाळी बंद करू नका."

राजकुमार साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

"काढा काय?" मॅडम म्हणाल्या. "अहो, खाणीतलं लोखंड कोळशावर वितळवायचं तर धूर कितीतरी जास्त होतो. भंगाराचा त्या मानानं फार कमी होतो. हेच तर तिकडं सगळे शोधत फिरतायत! तुम्ही तेवढंच लपवलंत?"

अर्ध्या तासानं करुणानं अंतिम आकडा मोठ्यानं वाचला. एक टन बोल्टामागं जेमतेम एक टन!

"आमच्याकडं माल देणाऱ्या सगळ्या कारखान्यांत हा सगळ्यात कमी आकडा आहे," मोनिका मॅडम म्हणाल्या. "ऑर्डर तुमचीच."

राजकुमार साहेबांनी पुष्पगुच्छ मॅडमना दिला, मग भान हरपून काकासाहेबांना मिठी मारली. दुसऱ्या पाळीची पोरं फाटकापाशी जमलेली होती, ती ओरडायला लागली. ते ओरडणं ऐकून सांडूभाऊंना वाटलं पंचनामा मंजूर झाला, म्हणून त्यांनी ढिगावर आणखी एक पोतं भुसा ओतला. मुश्ताकभाई आत येऊन म्हणाले, "काकासाब, मेरा चालीस लिटर डिझेल जल गया, उसका क्या?" त्याचं काय झालं ते मुश्ताकभाईंना विचारायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

महिन्याभरानं पुण्याहून करार आला. दोन वर्षांची ऑर्डर, दुसरी पाळी कायम. राजकुमार साहेबांनी पेढे वाटले. करुणा करार वाचत होती आणि काकासाहेब तिच्या खांद्यावरून बघत होते, कारण आता कार्बन म्हटलं की त्यांना राहवत नव्हतं. गेल्या आठवड्यात त्यांनी सरूबाईंच्या गॅस सिलिंडरचाही धूर काढला होता.

"हे खाली बारीक अक्षरात काय हाय?"

करुणानं वाचलं आणि तिचा पेढा तोंडातच राहिला. "यंदाचा आकडा हाच पाया धरायचा. पुढच्या वर्षी याच्यापेक्षा पाच टक्के कमी करून दाखवायचा. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी पाच टक्के."

"ह्याच्यापेक्षा कमी? भंगार तर आधीच हाय. आता कुठून कमी करायचा?"

"तेच तर. जे आधीपासून जास्त सोडतात ना काका, त्यांना सोपं जातं. थोडं सुधारलं की झाले पाच टक्के कमी. आपण आधीच तळाला आहोत."

काकासाहेबांचे ओठ हलत होते, बोटांची पेरं मोजली जात होती. मग त्यांनी दार बंद आहे ना ते बघितलं आणि करुणाच्या कानाशी येऊन म्हणाले,

"पोरी, म्हंजी माझा नियम चुकला नव्हता. माप चुकलं! अकरापट लिहिलं तिथं घोटाळा झाला. सव्वापट लिहिलं असतं, तर ऑर्डरही राहिली असती अन् चार-पाच वर्षं कमी करायला जागाही!"

करुणानं त्यांच्याकडं बघितलं. हात पुढं करून तिनं त्यांच्या खिशातला पेन काढून घेतला, आणि तो आजतागायत तिच्या ड्रॉवरमध्ये आहे.